काळोखाचा सांगावा

पन्हाळ्याच्या तीन दरवाजाजवळ अंधारबाव आहे. आदिलशाही काळातली ही तीन मजली वास्तू बाहेरून फारशी नजरेत भरत नाही. आत शिरून पायऱ्या उतरू लागलं की उजेड झपाट्याने मागे पडतो. वरचा मजला पहारेकऱ्यांचा, मधल्या मजल्यावर गडाबाहेर निघणारी चोरवाट आणि तळाशी विहिरीचं पाणी. मे महिन्यात भर दुपारी गडाच्या उघड्या माथ्यावर उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, बावेच्या तळाशी तो नावापुरता उरतो. बाहुल्या मोठ्या होतात, काही क्षण काहीच दिसत नाही, मग हळूहळू भिंतीचे दगड उमटायला लागतात.

डोळ्यांची अशी धांदल उडालेली असताना मेंदूच्या मधोमध बसलेली पिनिअल ग्रंथी मात्र जागची हलत नाही. मेलॅटोनिन हे रसायन ती अंधारात तयार करते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण दुपारी बारा वाजता अंधारबावेत तासभर बसून राहिलं तरी रक्तातलं मेलॅटोनिन वाढत नाही. दिवसा ते जेमतेम असतं, तेवढंच राहतं. उलट रात्री अकरा वाजता खोलीतला पांढरा एलईडी दिवा लावला की वाढलेलं मेलॅटोनिन काही मिनिटांत उतरायला लागतं. दिवसाचा अंधार ते आणू शकत नाही, रात्रीचा उजेड मात्र ते घालवू शकतो.

हा दुजाभाव समजून घ्यायचा तर ग्रंथीच्या आधी घड्याळाकडे जावं लागतं. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर सुमारे 20,000 चेतापेशींचा एक पुंजका आहे. शास्त्रज्ञ त्याला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात, आपण मुख्य घड्याळ म्हणू. बाहेर काहीही असो, हे घड्याळ साधारण 24 तासांचा फेरा स्वतःच्या बळावर पूर्ण करतं. आपली रात्र सुरू झाली असं त्याने ठरवलं तरच पिनिअलला काम करायची मुभा मिळते. उजेडाची खबर त्याला डोळ्याच्या पडद्यातल्या एका खास प्रकारच्या पेशींकडून कळते. या पेशी चित्र पाहत नाहीत. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. डेव्हिड बर्सन आणि समर हत्तार यांच्या गटांनी 2002 मध्ये त्यांचं काम उलगडलं, तोवर दीडशे वर्षं डोळ्याचा अभ्यास करूनही त्या कुणाच्या ध्यानात आल्या नव्हत्या.

घड्याळापासून पिनिअलचं अंतर काही सेंटिमीटरचं. निरोप मात्र सरळ जात नाही. तो मज्जारज्जूतून छातीपर्यंत खाली उतरतो, बाहेर पडून मानेतल्या एका चेतागाठीत येतो आणि तिथून रक्तवाहिन्यांच्या साथीने पुन्हा डोक्यात चढतो. म्हणूनच अपघातात मानेच्या भागात मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसांमध्ये रात्रीचं मेलॅटोनिन वाढत नाही. ग्रंथी शाबूत, घड्याळ शाबूत, फक्त वाट तुटलेली.

आता मुख्य मुद्द्याकडे. मेलॅटोनिनला सर्रास झोपेचं संप्रेरक म्हटलं जातं. पन्हाळ्याच्या उताराखालच्या रानात रात्री फिरणारं उदमांजर घ्या, साळिंदर घ्या, कधीमधी गडाच्या वस्तीपर्यंत येणारा बिबट्या घ्या. त्यांच्या रक्तातही मेलॅटोनिन रात्रीच वाढतं, नेमकं ते शिकारीला किंवा चाऱ्याला बाहेर पडलेले असताना. झोपेचा हुकूमच जर त्या रेणूत असता तर रातचरांची जातच टिकली नसती. रेणू इतकंच सांगतो की रात्र झाली आहे आणि ती एवढी लांबली आहे. त्यावर काय करायचं हे ऐकणारा ठरवतो. वारणानगरच्या साखर कारखान्याचा भोंगा झाला की कुणी कामावर निघतो, कुणी कामावरून सुटतो, कुणी चुलीवर आधण ठेवतं आणि कुणी नुसतं घड्याळ लावून घेतं. शरीरात हे ऐकण्याचं काम पेशींवर बसवलेली प्रथिनं करतात, त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. मेलॅटोनिनची गोष्ट ही त्याच्यापेक्षा त्याच्या ग्राहींची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि हे प्रकरण त्यासाठीच आहे.

त्यांचा माग लागला तो बेडकामुळे. 1917 मध्ये अमेरिकेत मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी जनावरांच्या पिनिअल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला. अर्ध्या तासात पिल्लं इतकी फिकी पडली की कातडीतून आतली इंद्रियं दिसू लागली. अर्कात नेमकं काय आहे हे कळायला चाळीस वर्षं गेली. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना कोडाचं कोडं सोडवायचं होतं. त्वचेचा रंग घालवणारं द्रव्य सापडलं तर रंग का जातो तेही कळेल, या आशेने त्यांनी खाटीकखान्यांतून गाईबैलांच्या लाखाहून अधिक ग्रंथी जमवल्या. त्या ढिगातून 1958 मध्ये हाती लागलेल्या कणभर द्रव्याला त्यांनी मेलॅटोनिन हे नाव दिलं. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही.

बेडकाच्या कातडीला रंग देणाऱ्या काळ्या पेशींनी पुढेही साथ दिली. त्यांच्यावर मेलॅटोनिनचे ग्राही दाटीने असतात. त्यांच्यातूनच स्टीव्हन रेपर्ट यांच्या बोस्टनमधल्या गटाने 1994 मध्ये ग्राहीचं जनुक पहिल्यांदा वेगळं केलं. त्याच वर्षी मेंढीतला आणि माणसातला एमटी-1 सापडला, 1995 मध्ये एमटी-2. माणसात हे दोनच. एमटी-1 मध्ये 350 अमिनो आम्लं, एमटी-2 मध्ये 362. बेडकाकडे असलेल्या तिसऱ्या प्रकाराची सस्तन प्राण्यांत वेगळीच गत झाली आहे. त्याचा इथला वंशज मेलॅटोनिनला धरतच नाही, पण एमटी-1 ला चिकटून त्याचं काम मंदावू शकतो. ऐकण्याची शक्ती गेलेलं एक प्रथिन कोट्यवधी वर्षांनंतरही शेजाऱ्याच्या कामात हात घालतं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

ग्राही दिसतो कसा? प्रथिनाचा लांबलचक धागा पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो आणि मध्ये एक खोबण तयार होते. एप्रिल 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन्ही ग्राहींची अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डजवळच्या क्ष-किरण लेसरने ती टिपली होती. बहुतेक ग्राहींची खोबण बाहेरच्या बाजूने उघडी असते, रेणू वरून येऊन बसतो. इथे वर जणू झाकण आहे. मग मेलॅटोनिन आत येतं कुठून? पेशीचं आवरण स्निग्ध असतं आणि मेलॅटोनिन स्निग्ध पदार्थात सहज मिसळतं. ते आधी आवरणातच शिरतं आणि ग्राहीच्या कुशीत असलेल्या चिंचोळ्या फटीतून आडवं आत सरकतं. रात्रीच्या ऐन भरातही एक मिलिलिटर रक्तात हे द्रव्य एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या दहाव्या हिश्शाएवढंही क्वचितच असतं. एवढ्यावर काम भागतं, कारण हे ग्राही ते कमालीच्या घट्टपणे धरतात.

रेणू बसला की ग्राही आपली घडण किंचित बदलतो आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाच्या दूताचं उत्पादन कमी होतं. सांगावा पोचला तो एवढाच. बेडकाच्या त्वचेत हा दूत कमी झाला की काळे कण पेशीच्या मध्यावर गोळा होतात आणि कातडी फिकी पडते. दुसऱ्या जातीच्या पेशीत तोच दूत कमी झाला की अगदी निराळं काहीतरी घडतं. पुढची सगळी हकीकत याच एका पायरीवरून फुटणाऱ्या वाटांची आहे.

पहिली वाट परत घड्याळाकडेच जाते. 1988 मध्ये किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं मेलॅटोनिन वापरून माणसाच्या मेंदूत त्याचे ग्राही शोधले, तेव्हा ते मुख्य घड्याळातच सापडले. घड्याळ पिनिअलला सांगतं आणि पिनिअल उलट घड्याळाला सांगते. एमटी-1 मुळे घड्याळाच्या पेशींची दिवसाची लगबग शांत होते, जागं ठेवणारा जोर ओसरतो आणि झोपेला वाव मिळतो. घड्याळाचे काटे मागेपुढे सरकवण्यात एमटी-2 चा हात मोठा मानला जातो. संध्याकाळी दिलेलं मेलॅटोनिन काटे पुढे नेतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप लवकर येते. सकाळी दिलेलं मेलॅटोनिन ते मागे ढकलतं. औषध तेच आणि मात्रा तीच असूनही परिणाम उलटा होतो.

याचा खरा आधार मिळाला तो दृष्टिहीनांना. ज्यांच्या डोळ्यांतून उजेडाची काहीच खबर आत जात नाही, त्यांच्यापैकी अनेकांचं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडत जातं. काही आठवडे रात्री गाढ झोप, मग काही आठवडे रात्री टक्क जागेपण आणि दिवसा अनावर पेंग. 2000 मध्ये रॉबर्ट सॅक यांच्या गटाने अशा व्यक्तींना रोज ठरल्या वेळी मेलॅटोनिन देऊन त्यांचं घड्याळ 24 तासांना बांधून दाखवलं. 2014 मध्ये याच विकारासाठी टॅसिमेल्टिऑन हे थेट दोन्ही ग्राहींवर काम करणारं औषध अमेरिकेत मान्य झालं. त्याआधी 2005 मध्ये झोप लागायला वेळ लागणाऱ्यांसाठी रॅमेल्टिऑन आलं होतं.

आता सहज मिळणाऱ्या मेलॅटोनिनच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. निरोगी माणसाची पिनिअल एका रात्रीत मोजकेच मायक्रोग्रॅम मेलॅटोनिन तयार करते. 3 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे 3,000 मायक्रोग्रॅम. इतक्या माऱ्यापुढे ग्राही, विशेषतः एमटी-2, पेशीच्या आत ओढले जातात आणि काही काळ ऐकेनासे होतात. शिवाय वर पाहिलं तसं, वेळ चुकली तर काटे भलतीकडे सरकतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून ही गोळी घेऊ नये. डॉक्टरांनी वेळ आणि मात्रा ठरवून दिली तर तिचा उपयोग आहे, आणि चांगला आहे.

दुसरी वाट गोठ्यात जाते, आणि पन्हाळा तालुक्यात तिच्यावर पुष्कळांचं पोट अवलंबून आहे.

कोडोली, पोर्ले, कळे, बाजारभोगाव, कुठल्याही गावात पहाटे दूध संस्थेच्या दारात उभं राहा. किटल्या घेऊन आलेल्यांची रांग, फॅट मोजायच्या यंत्राची घरघर, हातातल्या पासबुकावर पडणारा आकडा. कुणाचं दूध गोकुळला जातं, कुणाचं वारणेला. 1963 मध्ये स्थापन झालेल्या गोकुळने आणि वारणेच्या खोऱ्यातल्या सहकाराने म्हशीच्या दुधावर इथली घरं उभी केली. या संस्थांच्या हिशेबात वर्षाचे दोन भाग असतात, पुष्टकाळ आणि कृशकाळ. पावसाळा संपता संपता म्हशी विऊ लागतात आणि दूध वाढतं. उन्हाळ्यात ते आटतं. म्हैस साधारण दहा महिने दहा दिवस गाभण राहते, म्हणजे मागे मोजत गेलं तर तिच्या माजाचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारीत, थंडीच्या आगेमागे येतो. उन्हाळ्यात ती एकतर माजावर येतच नाही किंवा मुका माज दाखवते. रेकणं नाही, चलबिचल नाही, कृत्रिम रेतनाची वेळ हुकते आणि भाकड काळ वाढतो. ‘थंडी पडू दे, मग येतीया बगा माजाला,’ हे उत्तर पशुवैद्यांनी इथे हजारदा ऐकलं असेल.

थंडी म्हशीला कळते ती कातडीवरून, हे उघड आहे. पण तिला रात्रीची लांबीही कळते, आणि ती कळते मेलॅटोनिनमधून. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीच्या देठाला लपेटून असलेला पार्स ट्यूबरॅलिस नावाचा पातळ थर आहे. हंगामी प्रजनन करणाऱ्या सस्तन प्राण्यांत एमटी-1 ची सर्वांत दाट वस्ती इथे असते. रात्र लहान असली की इथल्या पेशी दीर्घकाळ मेलॅटोनिनमुक्त राहतात आणि थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक तयार करतात. पण ते गळ्यातल्या थायरॉइडकडे जात नाही. ते मागे, मेंदूच्या दिशेने जातं आणि तिथल्या पेशींना थायरॉइड संप्रेरकाचं प्रभावी रूप तयार करायला लावतं. त्यावरून प्रजननाची साखळी चालू किंवा बंद होते. रात्र मोठी झाली की मेलॅटोनिन जास्त वेळ टिकतं, सायक्लिक एएमपी दबून राहतो आणि हा सगळा व्यवहार मंदावतो.

इथपर्यंत घोडी आणि म्हैस यांच्यात फरक नाही. मात्र याच निरोपावर घोडी उन्हाळ्याकडे जाताना माजावर येते, आणि म्हैस, शेळी, मेंढी दिवस आखडताना. ग्राही तोच, थरही तोच, आतल्या घडामोडींचा क्रमही बराचसा तोच, शेवट मात्र उलटा. घोडीला अकरा महिन्यांनी आणि मेंढीला पाच महिन्यांनी पिल्लू होतं, दोघींनाही ते चाऱ्याच्या दिवसांत हवं असतं. उत्क्रांतीने हिशेब पिल्लाच्या बाजूने लावला आहे.

यावर एक रास्त शंका घेता येईल. पन्हाळा 16.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस 13 तासांच्या थोडा वर आणि सर्वांत लहान 11 तासांच्या थोडा वर. दोन तासांच्या या फरकाने एवढं काही घडतं का? इटलीत नेपल्सच्या परिसरात, जिथे म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज होतं, हा फरक सहा तासांच्या आसपास जातो. तिथे म्हशींचा हंगामीपणा इतका पक्का आहे की उन्हाळ्यात दूध मिळावं म्हणून शेतकरी काही महिने रेडे कळपाबाहेर ठेवून विण्याची वेळ मुद्दाम बदलतात. विषुववृत्ताजवळच्या ब्राझीलमध्ये, चारा असेल तर, म्हैस वर्षभर विते. दक्षिण ब्राझीलमध्ये तिचा हंगाम सहा महिन्यांनी फिरतो. आपण नेपल्स आणि विषुववृत्त या दोन टोकांच्या मध्ये आहोत. म्हणून माझा कल असा आहे की पन्हाळ्याच्या गोठ्यात उन्हाचा तडाखा आणि ओल्या वैरणीची टंचाई यांचा वाटा मोठा, रात्रीच्या लांबीचा लहान. पण लहान म्हणजे शून्य नाही. पंजाबात उन्हाळ्यात माज न दाखवणाऱ्या मुऱ्हा म्हशींच्या कानाच्या बुडाशी, दर 50 किलो वजनाला 18 मिलिग्रॅम मेलॅटोनिनची एक, अशा बारीक कांड्या बसवण्याचे प्रयोग झाले, आणि म्हशी हंगामाआधी माजावर आल्या. मेंढ्यांसाठी परदेशात हे तंत्र पूर्वीपासून रुळलेलं आहे. एमटी-1 च्या जनुकातल्या काही बदलांचा हंगामीपणाशी संबंध मेंढ्यांच्या आणि म्हशींच्या काही जातींत दिसला, काहींत दिसला नाही.

गोठ्यात रात्रभर पांढरा दिवा जळत ठेवण्याची चाल हल्ली वाढली आहे, साप-विंचवाच्या भीतीने किंवा चोरीच्या. भीती खरी आहे. तरी थंडीच्या महिन्यांत, माजाच्या दिवसांत, म्हशीच्या डोळ्यांवर रात्रभर उजेड पडू नये एवढी दिव्याची जागा तरी पाहावी. दार आणि अंगण उजळावं, गव्हाण अंधारात राहू द्यावी. खर्च काही नाही.

दुधाचाच एक धागा आणखी. रात्री काढलेल्या दुधात मेलॅटोनिन दिवसाच्या दुधापेक्षा जास्त असतं, गाईच्याही आणि आईच्याही. तान्ह्या बाळाला सुरुवातीचे दोन-तीन महिने स्वतःचा मेलॅटोनिनचा फेरा नसतो. त्याच्या रात्रीची खबर त्याला काही अंशी आईच्या दुधातून मिळते. कामावर जाणारी आई दूध काढून ठेवत असेल तर बाटलीवर वेळ लिहून ठेवणं आणि रात्रीचं दूध रात्रीच पाजणं यात शहाणपणा आहे.

ग्राही आणखीही पुष्कळ ठिकाणी आहेत. डोळ्याच्या पडद्यावर आहेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आहेत. रक्तवाहिनीत एमटी-1 आकुंचनाकडे आणि एमटी-2 प्रसरणाकडे झुकतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं. त्यांच्याबद्दल अजून ठामपणे सांगण्यासारखं थोडं आहे. थांबायला हवं ते स्वादुपिंडापाशी.

2009 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये एकाच वेळी तीन शोधनिबंध आले. हजारो लोकांची जनुकं आणि उपाशीपोटीची साखर ताडून पाहताना तिघांचंही बोट एमटी-2 च्या जनुकावर आलं होतं. त्या जनुकातल्या एका ठरावीक जागी ‘जी’ अक्षर असेल तर उपाशीपोटीची साखर थोडी जास्त आणि मधुमेहाचा धोकाही थोडा जास्त. त्याच वर्षी लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांतही हा संबंध आढळला. झोपेच्या घड्याळाचा ग्राही मधुमेहाच्या यादीत पाहून तेव्हा भल्याभल्यांना आश्चर्य वाटलं होतं.

बेडकाची कातडी आठवली तर आश्चर्य कमी होतं. इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींवरही हे ग्राही आहेत. मेलॅटोनिन बसलं की सायक्लिक एएमपी घटतो, आणि तो घटला की त्या पेशी इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतात. रात्री आपण उपाशी असतो, तेव्हा इन्सुलिन जपून वापरणंच योग्य. ‘जी’ अक्षरवाल्यांच्या बीटा पेशींत एमटी-2 जास्त तयार होतो, म्हणजे त्या पेशी रात्रीचा निरोप जास्त मोठ्याने ऐकतात. 2016 मध्ये मधुमेह नसलेल्या व्यक्तींना तीन महिने रोज झोपताना 4 मिलिग्रॅम मेलॅटोनिन देऊन पाहिलं, तेव्हा ‘जी’ अक्षरवाल्यांत इन्सुलिन अधिक दबलं. मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. हाच ग्राही पूर्ण निकामी करणारे दुर्मीळ बदल ज्यांच्यात आहेत, त्यांच्यातही मधुमेह जास्त आढळतो. फार ऐकणं वाईट आणि मुळीच न ऐकणंही वाईट, हे दोन्ही कसं खरं ठरतं यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

व्यवहारात उपयोगी पडेल असा निष्कर्ष 2022 मध्ये स्पेनमधून आला. 845 जणांना एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा फक्त एक तास आधी साखरेचं पाणी देऊन तपासलं. उशिराच्या वेळी रक्तातलं मेलॅटोनिन सुमारे 3.5 पट होतं, इन्सुलिन कमी आणि साखर जास्त होती. साखरेतला बिघाड प्रामुख्याने ‘जी’ अक्षरवाल्यांत दिसला.

हे सगळं वाचताना माझ्यासमोर उसाला रात्री पाणी पाजणारा माणूस येतो. शेतीपंपांना थ्री फेज लाईट वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत कासारी किंवा वारणेच्या काठावर तो मोटर चालू करून दारं धरायला जातो. हातात बॅटरी, पायात गमबूट असले तर असले, सरीतून पाणी फिरवायचं आणि पानांच्या आड घोणस नाही ना हे पाहत राहायचं. डबा बांधावर रात्री अकरा-बाराला, पहाटे तीनला भरपूर साखर घातलेला चहा. सापाची, विजेच्या धक्क्याची आणि थंडीची चर्चा होते. फेब्रुवारी 2022 मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठाण मांडलं, ते शेतीला दिवसा 10 तास वीज मिळावी म्हणूनच. त्या मागणीच्या बाजूने शरीरशास्त्र काय सांगतं हे मात्र क्वचितच बोललं जातं.

कारखान्यातला रात्रपाळीचा कामगार झगझगीत दिव्यांखाली उभा असतो. गळीत हंगामात त्याचं मेलॅटोनिन उजेडाने दबतं. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये संभाव्य कर्करोगजनकांच्या यादीत घातलं आणि 2019 मध्ये ते मत कायम ठेवलं. शेतातल्या माणसाची अडचण निराळी आहे. तो जवळपास संपूर्ण अंधारात असतो. बॅटरीचा झोत जमिनीवर पडतो, डोळ्यात फारसा शिरत नाही. पाळी काही दिवसांनी बदलत राहते म्हणून त्याचं घड्याळ रात्रीच्या कामाशी कधी जुळतच नाही. म्हणजे त्याच्या रक्तात मेलॅटोनिन ऐन भरात असतं. घड्याळावरचे एमटी-1 त्याला ढिला करत असतात, नेमकं तेव्हा जेव्हा फ्यूज बदलताना हात स्थिर हवा असतो. आणि बीटा पेशींवरचे एमटी-2 इन्सुलिन रोखून धरत असतात, नेमकं तेव्हा जेव्हा त्याच्या पोटात भाकरी आणि साखरेचा चहा गेलेला असतो.

दिवसाच्या विजेची मागणी पूर्ण होईपर्यंत काही गोष्टी हातात आहेत. मुख्य जेवण संध्याकाळी सातच्या आत घरीच करून निघावं. रात्री भूक लागलीच तर मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, आणि चहा बिनसाखरेचा. पाणी पाजून आल्यावर सकाळी अंधाऱ्या खोलीत झोप घ्यावी. गावच्या आरोग्य केंद्रात मधुमेहाची तपासणी होते तेव्हा वजन, कंबर, घरात कुणाला आहे का, हे सगळं विचारतात. त्या कागदावर आणखी दोन रकाने हवेत: रात्री पाणी पाजायला जाता का, आणि त्या दिवशी जेवता किती वाजता.